पाचवी तार

प्रायश्चित्तकाळ सुरू होण्यास तीन आठवडे उरले होते. गुरुवारची सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही सक्रिस्तीत वस्त्रे उतरवीत होतो आणि बाहेर गायनवृंदाच्या सरावाची जुळवाजुळव चालली होती. आमच्या वृंदात बेस गिटार वाजवणारा एक तरुण आहे. शिवडी बंदराकडच्या मालवाहतुकीच्या एका कचेरीत तो नोकरी करतो. अंगाने काटकुळा, बोलण्यात त्याहूनही काटकसरी. त्या दिवशी त्याने काळ्या पिशवीतून नवेच वाद्य बाहेर काढले. मान थोडी रुंद, आणि खुंट्या मोजल्या तर पाच.

“अरे, आजवर चार तारांत भागत होते ना?” आम्ही म्हणालो. “लोक आधीच म्हणतात, गिटारवाल्यांचा आवाज फार. त्यात ही पाचवी कशाला?”

“फादर, ही वरची नाही, खालची आहे,” एवढेच बोलून तो तारा जुळवू लागला.

उत्तर आम्हांला कळले नाही. कळल्यासारखी मान मात्र आम्ही डोलावली. ही कला सेमिनरीत कोणी शिकवीत नाही, दीक्षेनंतर ती आपोआप अंगी येते.

पुढच्या दोन रविवारी तीन तक्रारी आल्या. एका आजींच्या छातीत धडधडले. एका गृहस्थांना परमप्रसादाच्या वेळी बाक थरथरल्याचा भास झाला. तिसऱ्यांनी चिठ्ठीच लिहिली की, खिडक्यांची तावदाने वाजतात, हे देऊळ आहे की नाचाचा हॉल? आता शिवडीत तावदाने वाजण्याचे नवल ते काय! बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर दिवसरात्र ती वाजवीत असतात आणि त्याबद्दल आम्हांला आजवर कोणी चिठ्ठी लिहिलेली नाही. पण हा विचार आम्हांला नंतर सुचला. त्या वेळी आम्ही त्या मुलाला बोलावून सांगितले, “वाजव, पण ती पाचवी तार काढून ठेव.” तो “होय फादर” म्हणाला. पुढच्या रविवारी तो आला, तो वाद्याविना. शेवटच्या बाकावर आपल्या आजोबांशेजारी बसला.

प्रायश्चित्तकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजतात, त्यामुळे त्याची उणीव कोणाच्या लक्षात आली नाही. पुनरुत्थानाच्या रात्री मात्र आमच्या लक्षात आली. घंटा वाजल्या, सारी मंडळी उभी राहून गाऊ लागली, की-बोर्डवाल्या बाईंनी सारी शर्थ केली. तरीही ते गाणे भुईला टेकत नव्हते, पाण्यावर तरंगणाऱ्या होडीसारखे हेलकावत होते. आम्ही मनाशी म्हटले, रात्र फार झाली आहे, आपले कानच थकले असतील.

सणाच्या आठवड्यात त्या मुलाचे आजोबा कचेरीत आले. वय ८० च्या पुढे. जिना चढून आल्यामुळे बराच वेळ ते नुसते बसून राहिले. नातवाची वकिली करायला आले असतील असे आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी नातवाचे नावही काढले नाही. “फादर, तुम्ही सेमिनरीत ऑर्गन शिकला ना? पायाने वाजवायच्या पट्ट्या कशाला असतात सांगा,” ते म्हणाले.

खरे सांगायचे तर आमचे ऑर्गनचे शिक्षण बेताचे. तरी सांगितले की, पायपट्ट्यांवर सर्वांत खालचे स्वर वाजतात, वरच्या साऱ्या स्वरांना त्यांचा पाया मिळतो.

“तो पाया नातवाने आठ महिने पगार वाचवून विकत आणला,” ते म्हणाले, “आणि तुम्ही तो खुंटीला टांगून ठेवायला सांगितला.”

हे गृहस्थ कोण, हे आम्हांला ढोबळ माहीत होते. गोव्याच्या एका धर्मग्रामाच्या शाळेत स्वरलेखन शिकले; १९६१ च्या सुमारास मुंबईला येऊन धोबीतलावच्या एका कुडात राहिले; पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात काम मिळाले आणि लग्नानंतर शिवडीच्या चाळीत बिऱ्हाड थाटले. बेस वाजवत असत, हे ठाऊक होते. बेस म्हणजे काय वाजवत असत, हे मात्र आम्ही आठ वर्षांत कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. त्यांचे बोलणे तुकड्यातुकड्यांनी चाले. मधल्या जागा आम्ही पुढे वाचून आणि ऐकून भरल्या आहेत. वाचकांनी चुका आमच्या समजाव्यात, आठवणी त्यांच्या.

सुरुवात त्यांनी डबल बेसवर केली. माणसाच्या उंचीहून मोठे, व्हायोलिनच्या घराण्यातले ते थोरले वाद्य. चार तारा, सर्वांत खालची ‘ई’. सेकंदाला सुमारे ४१ कंपने, एवढा तिचा सूर खोल. आपल्या तंबोऱ्याची शेवटची तार जशी खर्जाची, तसे हे अख्खे वाद्यच खर्जाचे. पण चेलो हे त्याचे धाकटे भावंड लिहिलेल्या ‘सी’पर्यंत उतरते, आणि त्याला एक सप्तक खालून साथ देणाऱ्या डबल बेसची तार मात्र ‘ई’पाशीच थांबते. मोठ्या रचनाकारांनी त्याखालचे स्वर लिहून ठेवले तेव्हा वादकांनी ते एक सप्तक वर उचलून वाजवायचे, अशी वहिवाट पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत याला उपाय म्हणून डबल बेसला पाचवी तार लावली जाऊ लागली. म्हणजे ज्या तारेला आम्ही नाचाच्या हॉलमधली समजलो, ती मुळात सिंफनीच्या घरातली.

शिवडीहून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला, व्ही. शांताराम यांनी १९४२ साली स्थापन केलेला राजकमल स्टुडिओ होता. ताडदेवला फिल्म सेंटर, त्यापलीकडे महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याला मेहबूब. आमचे हे वृद्ध गृहस्थ डबल बेस टॅक्सीच्या टपावर बांधून या साऱ्या ठिकाणी फिरले. त्या काळी गाणे एका दमात ध्वनिमुद्रित होई. ५०-६० वादक, मधोमध गायिका, आणि कोणाचीही एक चूक झाली की सारे पहिल्यापासून. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही गोमंतकीय नावे आज अभ्यासकांना ठाऊक आहेत. ग्रेगरी बूथ या अमेरिकी अभ्यासकाने २००८ साली या वादकांवर मोठा ग्रंथ लिहिला. पण तबकडीच्या वेष्टनावर संगीतकाराचे, गीतकाराचे, गायकाचे नाव असे. बेसवाल्याचे नाव छापण्याची रीतच नव्हती.

“नाव नाही ते नाही,” ते म्हणाले. “फादर, आमचा सूरही पोचत नव्हता. मी स्टुडिओत वाजवीत होतो. घरी येऊन चाळीतल्या रेडिओवर तेच गाणे ऐकले, तर मी त्यात नाही! बायको विचारायची, तुम्ही कुठे आहात यात?”

या वाक्यामागे साधे विज्ञान आहे. ट्रान्झिस्टरच्या वाटीएवढ्या स्पीकरला सेकंदाला ४०-५० कंपनांचा सूर काढता येत नाही. मानवी कान दयाळू आहे. मूळ स्वर हरवला तरी त्याच्यावरच्या उपस्वरांवरून तो स्वर मनात भरून काढतो, म्हणून गाणे अगदीच पोकळ लागत नाही. पण भरून काढणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. ज्या पिढीने गाणी ट्रान्झिस्टरवर ऐकली, तिने आणखी खालची तार का मागितली नाही, याचे एक कारण आम्हांला येथे सापडते. होते तेच खाली पोचत नव्हते, मग त्याखालचे कोणाला हवे असणार?

मधल्या काळात वाद्यच बदलले. अमेरिकेत पॉल टटमार्क याने १९३० च्या दशकातच गिटारसारखा आडवा धरायचा विजेचा बेस बनवला होता. तो चालला नाही. १९५१ साली लिओ फेंडर याने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला तो मात्र जगभर गेला. मानेवर पडदे असल्यामुळे सूर अचूक लागे, म्हणून ते नाव. वाद्य हलके, टॅक्सीच्या टपाची गरज नाही, आणि आवाज हवा तेवढा. तारा मात्र त्याच चार, डबल बेसच्याच. मुंबईच्या स्टुडिओंत साठोत्तरी काळात हा विजेचा बेस रुळला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचा बेस आठवा. सत्तरीतल्या त्या गाण्यांत बेस नुसता पायापुरता उरला नाही, तो चालू लागला, खोड्या काढू लागला. आमच्या गृहस्थांनीही डबल बेस विकून बेस गिटार घेतली. “विकला त्या दिवशी रडलो,” ते म्हणाले, “आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीचे पैसे वाचले म्हणून हसलो.”

फेंडर कंपनीने १९६५ साली पाच तारांचा बेस काढला, हे वाचून आम्हांला वाटले की आमच्या मुलाच्या वाद्याचा पूर्वज सापडला. पण तो चुलता निघाला. त्यात पाचवी तार वरची, उंच ‘सी’ची होती. हात फार सरकवावा लागू नये हा हेतू. पडदे म्हणून १५ च ठेवलेले. वर जाण्याची कोणाला घाई नव्हती. ते वाद्य फारसे खपले नाही आणि १९७० पर्यंत बंदही पडले. खाली जाण्याचा विचार सत्तरीच्या मध्यास आला. न्यूयॉर्कचे वादक अँथनी जॅक्सन यांनी सरळ प्रश्न केला की, बेस हे गिटारच्याच कुळातले तर तारा चारच का? त्यांच्यासाठी कार्ल टॉम्प्सन या कारागिराने १९७५ च्या सुमारास सहा तारांचे वाद्य बनवले. त्यात खाली ‘बी’ आणि वर ‘सी’. पुढच्याच वर्षी जिमी जॉन्सन यांनी अलेम्बिक कंपनीकडून पाच तारांचे वाद्य घेऊन त्यात खालची ‘बी’ लावली. आमच्या मुलाने “ही खालची आहे” म्हटले, ती ही ‘बी’. सेकंदाला सुमारे ३१ कंपने.

पण एक-दोन वादकांच्या हट्टाने वाद्य गावोगाव पोचत नसते. त्याला पोचवले ते यंत्राने, आणि येथे आमचे वृद्ध मित्र बराच वेळ गप्प बसले.

ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आले. की-बोर्डवर डावा हात टाकला की बेस गिटारच्या ‘ई’च्याही खालचे स्वर विनासायास वाजू लागले. रोलँड या जपानी कंपनीने १९८१ साली ‘टीबी-३०३’ नावाची चंदेरी पेटी काढली. एकट्या सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, म्हणजे थोडक्यात बेसवाला लागू नये, हाच तिचा उद्देश. आणि गंमत अशी की, या पेटीतून जे विलक्षण संगीत पहिल्याप्रथम निघाले त्यातले एक आपल्या मुंबईत निघाले, तेही एका बेस गिटार वादकाच्या हातून. चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदांतले नावाजलेले वादक. त्यांनी १९८२ साली ती पेटी, तालाचे यंत्र आणि एक सिंथेसायझर एवढ्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. त्या वेळी तिच्याकडे कोणी पाहिले नाही. २०१० साली परदेशात ती पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले, कारण पाश्चात्त्यांनी १९८७ च्या सुमारास शिकागोत जन्मले असे मानलेल्या नृत्यसंगीताशी तिचे नाते लागत होते. चरणजित सिंग २०१५ साली वारले. ज्या यंत्राने बेसवाल्याची भाकरी जायची, त्याच यंत्राला बेसवाल्याने गायला लावले, ही गोष्ट आम्हांला फार आवडते. आमच्या मित्रांना तेवढी आवडत नाही.

“त्याने वाजवले,” ते म्हणाले. “आम्ही घरी बसलो.”

नव्वदीच्या सुरुवातीस सिनेमाचे मोठे वाद्यवृंद पांगले. आधी व्हायोलिनवाले, मग आम्ही, असा क्रम त्यांनी सांगितला. त्यांना शेवटचे बोलावणे आले ते एका गाण्यासाठी. जाऊन पाहतात तो बेस आधीच यंत्रात भरलेला. ‘आलात तर बसा, चहा घ्या’ असे म्हणून त्यांना त्या दिवसाचे पैसे देऊन परत पाठवले. पैसे घेतले, असे त्यांनी मान खाली घालून सांगितले. तेव्हा ते पन्नाशीचे, म्हणजे आज आम्ही आहोत त्या वयाचे होते. पुढे त्यांनी काही वर्षे लग्नांतून वाजवले आणि मग वाद्य पेटीत ठेवले ते कायमचे.

पाच तारांचा बेस हे वादकांनी यंत्राला दिलेले उत्तर होते. यंत्र खाली उतरते काय, मग आम्हीही उतरतो! यामाहा कंपनीने १९८४ साली तसे वाद्य आणले, १९८७ साली म्युझिक मॅनचे ‘स्टिंगरे ५’ आले, आणि वादकांना ते दुकानात मिळू लागले. कॉम्पॅक्ट डिस्क आली, मोठे स्पीकर आले. खालचा सूर घराघरात ऐकू येण्याची सोय झाली. वाद्यवृंदात ज्यांना जागा उरली त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात पाच तारा दिसू लागल्या. आज मुंबईत वाढलेली मोहिनी डे ही तरुण वादिका जगभर बेस वाजवते. तिचे वडीलही बेसवादक, तेच तिचे पहिले गुरू. आमच्या मित्रांना तिचे भारी कौतुक. “बोटे बघा तिची, फादर,” ते म्हणतात, “आम्ही एवढे वाजवले असते तर संगीतकाराने बाहेर काढले असते.”

ही तार नुसती लावली म्हणजे वाजत नाही, हेही आम्हांला त्या नातवाकडून कळले. हो, त्याला आम्ही बोलावले, क्षमा मागितली आणि वाद्य घेऊन यायला सांगितले. ‘ई’ची तार सुमारे पावणेतीन मिलिमीटर जाड, ‘बी’ची सव्वातीनच्या पुढे. तारेची कंप पावणारी लांबी साधारणपणे ३४ इंच. एवढ्याशा लांबीत एवढा खोल सूर मागायचा म्हणजे तार सैल पडते, दोरीसारखी लटपटते, सूर धूसर होतो. म्हणून काही कारागीर लांबी ३५ इंच करतात. ऑर्गनमध्ये जवळपास याच सुराला १६ फूट लांबीची नळी लागते, हे आठवले म्हणजे त्या तारेची दया येते. शिवाय ती न वाजवताही वाजते; वरच्या तारा छेडल्या की त्यांच्या कंपनाने ही आपली आपण गुणगुणू लागते. म्हणून वादकाचा अंगठा सतत तिच्यावर टेकलेला हवा. “आजोबा म्हणतात, पाचवी तार वाजवायला एक महिना लागतो, गप्प ठेवायला एक वर्ष,” तो म्हणाला. आमच्या देवळात जे धडधडले त्यातले निम्मे या गुणगुणण्याचे होते, असे त्याने स्वतःहून कबूल केले.

उरलेले निम्मे आमच्या देवळाचे. एका दुपारी आजोबा, नातू, की-बोर्डवाल्या बाई आणि आम्ही असे चौघे रिकाम्या देवळात जमलो. सेकंदाला ३१ कंपनांच्या सुराची एक लाट सुमारे ११ मीटर लांब असते. आमचे देऊळ त्याहून फार रुंद नाही. स्पीकर ठेवला होता डाव्या कोपऱ्यात, दोन भिंती आणि फरशी यांच्या बेचक्यात. असा कोपरा खालच्या सुराला फुगवतो. नातू एकच सूर धरून राहिला आणि आम्ही देवळात चालत फिरलो. मधल्या वाटेवर काहीच ऐकू येईना. तिसऱ्या खांबापाशी पोटात गोळा आला, आणि आजींची जागा नेमकी तेथेच! तक्रार खरी होती, निदान चुकले होते. स्पीकर कोपऱ्यातून काढून वृंदाच्या पुढ्यात, भिंतीपासून दूर, एका लाकडी स्टुलावर ठेवला. आवाज निम्म्याने उतरवला. एका खिडकीची निसटलेली लांबी सुताराकडून भरून घेतली. तेवढ्यावर तावदाने गप्प झाली, ट्रेलरची सुद्धा.

मग आजोबांनी आम्हांला मुख्य गोष्ट दाखवली. आमची मंडळी म्हातारी होत चालली आहे, वरच्या पट्टीत गाता येत नाही, म्हणून बाई बहुतेक गीते ‘डी’ किंवा ‘ई फ्लॅट’मध्ये उतरवून घेतात. लोकांना सोयीचे झाले; पण चार तारांचा बेस ‘ई’खाली जात नाही, मग गीताचा मूळ षड्ज त्याने वाजवायचा तो एक सप्तक वर जाऊन. म्हणजे लोक खाली आले आणि पाया वर गेला. पुनरुत्थानाच्या रात्रीचे ते हेलकावणे आमच्या थकल्या कानांचे नव्हते. तेव्हा तर मुळी बेसच नव्हता. त्याआधीच्या रविवारी चार तारांवर वाजत असे तेव्हाही थोडे असे होतच होते, फक्त आम्हांला ऐकता येत नव्हते. नातवाने तेच गीत आधी चार तारांवर, मग पाचव्या तारेवरचा खालचा ‘डी’ धरून वाजवले. बाईंनी नकळत खांदे सैल सोडले. हात मानेवर एकाच जागी राहतो, उड्या माराव्या लागत नाहीत, असेही तो म्हणाला. पण आमचे लक्ष बाईंच्या खांद्यांकडे होते.

देवळात अशी वाद्ये चालतात का, असे अजूनही कोणी विचारतात. दहाव्या पायस महाराजांनी १९०३ साली, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पियानोलासुद्धा देवळाबाहेर ठेवले होते. द्वितीय व्हॅटिकन महासभेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने, ४ डिसेंबर १९६३ रोजी, ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांना दार उघडले. ती उपासनेला शोभणारी असावीत आणि अधिकाऱ्यांची संमती असावी, एवढी अट. तेव्हा दार उघडे आहे. शोभते की नाही ते वाजवणाऱ्यावर. दहीहंडीला आणि विसर्जनाला लालबाग-परळात जे स्पीकर लागतात त्यांतही हाच खालचा सूर असतो, आणि तो छातीवर बुक्क्या मारतो. आमच्या लग्नांच्या हॉलमध्ये तरी वेगळे काय होते? सूर तोच. फरक बोटांचा आणि आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाचा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल गायनात तर पाच तारांचा बेस आता घरचाच झाला आहे. आणि नेथन ईस्ट यांचे उदाहरण आमच्या वाचकांना विशेष आवडावे. एरिक क्लॅप्टन यांच्यापासून अनेकांना साथ करणारे, पाच तारांच्या बेससाठी ओळखले जाणारे हे वादक. वयाच्या १४ व्या वर्षी सॅन डिएगोच्या ‘ख्रिस्तराजा’च्या कॅथलिक देवळात, भावांसोबत मिस्सेला वाजवता वाजवता ते बेसकडे वळले. त्या भावांतले रेमंड पुढे धर्मगुरू झाले. तेथील धर्मगुरूंनी तावदानांचा विचार केला असता तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच अधूनमधून विचारतो.

आता तो मुलगा दर रविवारी वाजवतो. पाचव्या तारेला तो प्रत्येक गीतात हात लावत नाही. कधीकधी तीन गीतांत मिळून चारदा. आजींची तक्रार नाही. चिठ्ठीवाल्या गृहस्थांना मात्र आम्ही बोललो नाही ते बरे केले. परवा ते विचारत होते, हल्ली गायनवृंदात माणसे वाढली का हो?

आजोबा पहिल्या बाकावर बसू लागले आहेत. वयाने कानांचे वरचे सूर आधी जातात. त्यांना व्हायोलिनच्या उंच जागा आता लागत नाहीत, घंटी लागत नाही, आणि शब्दांतली ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे निसटून जातात. गेल्या रविवारी मिस्सेनंतर ते दारात भेटले. आम्ही विचारले, “अंकल, आज नीट ऐकू आले का?”

“तुमचे प्रवचन नाही ऐकू आले, फादर,” ते म्हणाले. “पोराचा ‘डी’ आला.” आणि बाकावर टेकला होता तो हाताचा पंजा त्यांनी आम्हांला दाखवला.